प्रकल्प नोंदी: १९७० डॉज चॅलेंजर आर/टी, लालमधून परत जांभळ्यात

गाडी: दोन दारी हार्डटॉप, ३८३ मॅग्नम (३८३ घन इंचांचं इंजिन), टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जागा: डेट्रॉइटजवळची वर्कशॉप, मिशिगन. आली तेव्हाचा रंग: लाल, आणि तोही कारखान्याच्या तक्त्यातला नव्हे. काम: मूळ रंग शोधणं, ठरवणं, मारणं.

१२ फेब्रुवारी २०२४: टॅग

डाव्या फेंडरच्या आतल्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी बसवलेला टॅग (कारखान्याचे कोड उठवलेली छोटी पट्टी) साफ केला. ब्रेक क्लीनर आणि जुना टूथब्रश पुरतो. तारेचा ब्रश लावायचा नाही, उठावाची अक्षरं झिजतात.

टॅग खालून वर वाचायचा. सगळ्यात खालची ओळ: ई६३ (३८३ हाय परफॉर्मन्स), डी३२ (ऑटोमॅटिक), मग जेएस२३, एन०बी आणि क्रमांक. जे म्हणजे चॅलेंजर, एस म्हणजे स्पेशल, म्हणजेच आर/टी. २३ दोन दारी हार्डटॉप, एन ३८३ इंजिन, शून्य १९७०, बी हॅमट्रॅमॅकचा कारखाना. डॅशबोर्डवरच्या नंबरशी जुळलं.

वरची ओळ आपल्या कामाची: एफसी७. म्हणजे प्लम क्रेझी. त्याच ओळीत आतल्या सजावटीचा कोड (शेवटी एक्स९, काळा) आणि बी०७ ही बांधणीची नियोजित तारीख. इथे बरेच जण फसतात: बी म्हणजे दुसरा महिना नव्हे. १ ते ९ हे जानेवारी ते सप्टेंबर, आणि ए, बी, सी हे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तेव्हा ही ७ नोव्हेंबर १९६९ झाली. आणखी वर व्ही१एक्स, काळं व्हिनाइल टप (टपाच्या पत्र्यावर चिकटवलेलं आवरण). सध्या गाडीवर व्हिनाइल नाही, टपही लाल आहे. तिथे खाली काय वाढून ठेवलंय ते पत्रा उघडा केल्यावर कळेल.

क्रायस्लरचे (डॉज आणि प्लिमथची मूळ कंपनी) रंगाचे कोड उलगडायला सोपे आहेत. पहिलं अक्षर तो रंग पहिल्यांदा आला ते मॉडेल वर्ष: ई १९६९, एफ १९७०, जी १९७१. मधलं अक्षर रंगाचं कूळ. म्हणून १९७० च्या गाडीवर ईव्ही२ दिसलं तर टॅग खोटा ठरत नाही, रंग आदल्या वर्षीचा आहे इतकंच. १९७० च्या गाडीवर जीवाय३ दिसलं तर मात्र कान टवकारायचे.

१४ फेब्रुवारी: पत्र्याची साक्ष

टॅग हा पुरावा नव्हे, दावा आहे. दोन स्क्रू काढले की टॅग बदलता येतो आणि नवे छापूनही मिळतात. म्हणून रेडिएटर सपोर्टवर ठोकलेला क्रमांक आधी ताडून घेतला. जुळला.

मग लपलेल्या जागा. डिकीच्या रबराखालची कड, बाजूच्या मार्कर दिव्यांच्या गॅस्केटमागे, दाराच्या उंबऱ्यावरच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीखाली, मागच्या बाकाशेजारच्या आतल्या पॅनेलमागे. चारही ठिकाणी जांभळा. पॅनेलमागे नुसता उडालेला रंग आहे, पूर्ण थर नाही. तो रंग ओळखायला चालतो, छटा मोजायला चालत नाही.

सगळ्यात बोलकी जागा इंजिनची खोली. क्रायस्लरने फेंडर बसवून बॉडीबरोबरच रंगवले, त्यामुळे इंजिनची खोली बॉडीच्या रंगाची आणि फेंडरच्या बोल्टची डोकीही त्याच रंगाची. उजव्या फेंडरचा मधला बोल्ट सोडवला. डोक्यावर लाल, लालखाली जांभळा, आणि वॉशरच्या जागी पत्र्यावर जांभळ्याची स्वच्छ गोल कड, आत नुसता प्रायमर. म्हणजे रंग बसल्यावर हा बोल्ट पहिल्यांदाच हलला. असं वर्तुळ नंतर बनवून मिळत नाही.

त्या काळच्या शेवरलेट किंवा फोर्डमध्ये ही सोय नाही. त्यांची इंजिनची खोली काळी असते. त्यामुळे तिथे बाहेरून रंग बदललेली गाडी बॉनेट उघडल्यावरही खपून जाते. डॉज-प्लिमथमध्ये रंग बदलायचा म्हणजे इंजिन बाहेर काढायचं, नाहीतर बॉनेट उघडताच चोरी उघडी. या गाडीत लाल मारणाऱ्याने इंजिन काढलेलं नाही. बॅटरीच्या ट्रेमागे आणि हीटरच्या पेटीखाली अजून जांभळाच आहे.

थराची जाडी (मायक्रॉन): बॉनेट २५० ते २७०, उजवं दार २६०, डिकीच्या झाकणाची आतली बाजू ११०, डावा मागचा क्वार्टर (मागच्या चाकाभोवतीचा बाजूचा पत्रा) चाकामागे ९०० च्या वर. शेवटचा आकडा म्हणजे रंग नव्हे, लांबी (खड्डे भरायची पुट्टी).

१७ फेब्रुवारी: डावं दार

डावं दार २३० दाखवतं, म्हणजे तसं निरोगी. पण बिजागरीची पट्टी सोडवल्यावर खाली जांभळा नाहीच. लालखाली झणझणीत पोपटी, एफजे५. डॉजमध्ये सब्लाइम, प्लिमथमध्ये हाच रंग लाइमलाइट. दार दुसऱ्या चॅलेंजरचं आहे. १९७० च्या प्लिमथ बॅराकुडाचं असणं शक्य नाही, कारण चॅलेंजरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११० इंच, बॅराकुडाचा १०८, आणि बाहेरचे पत्रे एकमेकांना लागत नाहीत.

दार सरळ आहे, ठेवायचं. फक्त त्याच्यावरून छटा मोजायची नाही आणि घासताना कोरडं घासायचं नाही. त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी, पोपटी रंगांत शिशाची रंगद्रव्यं सर्रास वापरली जात. वॉटर पेपर, मास्क, आणि निघालेला गाळ वेगळ्या डब्यात.

२० फेब्रुवारी: रंग ठरला

मालकाच्या मनात नारिंगी होता, ईव्ही२ हेमी ऑरेंज. दोन गोष्टी समोर ठेवल्या. एक, टॅग, बोल्ट आणि उंबरा तिघेही एफसी७ म्हणतात, आणि मूळ उग्र रंगाची गाडी दुसऱ्या उग्र रंगात रंगवणं म्हणजे हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागणं. दोन, नारिंगी आजच्या रंगद्रव्यात नीट झाकत नाही. जुन्या नारिंगीत शिशाचं द्रव्य होतं, ते दोन हातांत पत्रा झाकायचं. आजची सेंद्रिय द्रव्यं चकचकीत पण पारदर्शक आहेत. खाली त्याच कुळातला अस्तराचा हात दिला नाही तर कडांना प्रायमर डोकावतो. मालक जांभळ्यावर आले.

एक गोंधळ इथेच मिटवून ठेवावा. इंजिनवर मारतात तो स्ट्रीट हेमी ऑरेंज आणि बॉडीचा ईव्ही२ हेमी ऑरेंज हे एक नव्हेत. इंजिनच्या स्प्रे कॅनवरून बॉडीची छटा ठरवलेली गाडी पाहताक्षणी ओळखू येते.

नावांचाही एक तक्ता भिंतीवर लावला, कारण सुटे भाग शोधताना दोन्ही नावांनी शोधावं लागतं. एफसी७: डॉज प्लम क्रेझी, प्लिमथ इन-व्हायोलेट. ईके२: गो मँगो, व्हिटॅमिन सी. ईव्ही२: हेमी ऑरेंज, टॉर-रेड. एफवाय१: टॉप बनाना, लेमन ट्विस्ट. एफएम३: पँथर पिंक, मूलाँ रूज. एकाच डब्यातला रंग, दोन शोरूम. जनरल मोटर्समध्येही हेच: १९६९ च्या शेवरलेट कॅमारोचा हगर ऑरेंज आणि पॉन्टिअ‍ॅक जीटीओ जजचा कॅरूसेल रेड हा एकच रंग, एका ठिकाणी त्याला नारिंगी म्हटलं आणि दुसऱ्या ठिकाणी लाल.

२ ते ९ मार्च: रंग उतरवणं

लालवरच जांभळा मारायचा विचारही केला नाही. जुन्या लालांपैकी काही वरच्या थरात झिरपतात. पहिल्या महिन्यात काही दिसत नाही, मग उन्हात जांभळा तांबूस व्हायला लागतो. शिवाय ३०० मायक्रॉनवर आणखी २०० चढवले की कडांना तडे ठरलेले.

बॉनेट, टप, दारं आणि डिकीचं झाकण: रासायनिक स्ट्रिपर, प्लास्टिकची पट्टी, दोन फेऱ्या. मोठ्या सपाट पत्र्यावर वाळू मारायची नाही, माऱ्याने पत्रा पोळीसारखा फुगतो आणि परत बसत नाही. इंजिनची खोली आणि चाकाच्या कमानी: प्लास्टिक मीडिया (वाळूऐवजी प्लास्टिकचे कण), कमी दाब. सांध्यांत स्ट्रिपर जाऊ नये म्हणून कडेला २ सेंमी पट्टी टेपखाली ठेवून ती हाताने ८० च्या पेपरने घासली. सांध्यात राहिलेला स्ट्रिपर दोन महिन्यांनी नव्या रंगाखालून फोडासारखा वर येतो.

जांभळ्याचे दोन तुकडे मुद्दाम ठेवले: डिकीच्या रबराखालची कड ३० सेंमी आणि उजव्या उंबऱ्याचा मागचा हातभर भाग. हे शेवटपर्यंत टेपखाली.

१६ मार्च: टप

अपेक्षित होतं तेच. व्हिनाइलखाली पाणी साचून मागच्या काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्रा जाळीदार. व्हिनाइल फाडणाऱ्याने मोल्डिंगच्या खुंट्या कापून वर लांबी ओढली होती. टप आणि क्वार्टरच्या सांध्यातलं कारखान्याचं शिसं दोन्ही बाजूंनी पोकळ वाजतंय.

डावा तुकडा ११ बाय ७ सेंमी, उजवा ९ बाय ६ सेंमी कापून नवा पत्रा कडेला कड लावून जोडला. एका वेळी एक टाका, मग ३० सेंमी दूर दुसरा, म्हणजे टप वाकत नाही. गंजाच्या खड्ड्यांत फॉस्फोरिक आम्ल लावलं होतं ते पाण्याने तीनदा धुऊन वाळवलं. आम्लावर थेट इपॉक्सी प्रायमर मारला तर तो धरत नाही. नखाने सोलून निघतो.

२३ मार्च: इपॉक्सी

इपॉक्सी आणि हार्डनर १:१, दीड लिटर तयार मिश्रण, दोन हात. वर्कशॉपचं तापमान २१ अंश. पत्राही तितकाच तापलेला हवा, नुसती हवा तापून भागत नाही. रात्रभर हीटर बंद राहिला तर सकाळी पत्रा ११ अंशांवर असतो आणि इपॉक्सी आठवडाभर मऊ राहतो.

३० मार्च ते १३ एप्रिल: लांबी, प्रायमर, घासकाम

लांबी इपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर नाही. डाव्या क्वार्टरची जुनी लांबी काढल्यावर आत ठोकर निघाली ती बाहेर ओढली. आता लांबी जास्तीत जास्त २ मिमी. ८० चा पेपर, मग १८०. हायबिल्ड (जाड थराचा) प्रायमर ४:१, १.८ मिमी नोझल, तीन हात. काळी गाइड पावडर (उंचसखल दाखवणारी), ४० सेंमी लांब ब्लॉक, तिरप्या रेघांत १८०, मग ३२०, शेवटी ६०० ओला.

धातूच्या कणांचा गडद रंग असला की ६०० च्या आत थांबायचं नाही. ४०० च्या रेघा ओल्या रंगात दिसत नाहीत. तो सुकून आकसला की उन्हात उठून दिसतात.

उजव्या दाराची खालची रेघ फेंडरच्या रेघेशी जुळत नव्हती. ते दार घासून सुटणारं नव्हतं, बिजागरीत शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घातल्यावर सुटलं. लांबीने रेघ जुळवायचा मोह इथे फार होतो.

१८ एप्रिल: छटा

या प्रकल्पाचं खरं काम हे. कोड फक्त नाव सांगतो, छटा सांगत नाही. "एफसी७ द्या" म्हटलं की प्रत्येक दुकान आपल्या संगणकातलं सूत्र ओततं आणि तीन दुकानांतले तीन जांभळे निघतात.

मूळ रंग जांभळा आहे, पण सगळीकडून सारखा नाही. आत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण आहेत. समोरून उन्हात तो तांबूस-जांभळा, तिरप्या नजरेने आणि सावलीत निळसर. पैठणीचा धूपछांव पदर डोळ्यांसमोर आणा, तसा. नावात प्लम, म्हणजे आलुबुखार, असला तरी उन्हातला रंग बाजारातल्या पिकल्या जांभळाच्या जास्त जवळचा.

छटा मोजण्याआधी डिकीच्या कडेचा टेप काढून अंगठ्याएवढी जागा २००० च्या वॉटर पेपरने आणि बारीक कंपाउंडने पुसली. वरचा कळकट थर निघून खाली ताजा जांभळा आला, कापडाला जांभळट डाग. एकेरी थराचा रंग असल्याने डाग येणारच, वर क्लिअर (पारदर्शक थर) असता तर कापड पांढरं राहिलं असतं. मग मोजणी यंत्राने १५, ४५ आणि ११० अंशांत तीन-तीन वाचनं.

तीन कार्डं मारली. प्रत्येकावर काळा-पांढरा चौकोन, अर्ध्यावर क्लिअर. क्लिअर नसलेल्या बेस कोटची (क्लिअरखालचा रंगाचा थर) तुलना करून उपयोग नाही, तो नेहमी फिका आणि धुरकट दिसतो.

कार्ड १, कोडवरचं सूत्र: समोरून ठीक, तिरपं पाहिलं की फार निळं. कार्ड २, यंत्राने सुचवलेलं: तिरपं ठीक, पण कण भरड, दुपारच्या उन्हात चकाकी मारतात. १९७० चे कण बारीक होते. भरड कण घातले की गाडी मोबाइलच्या कव्हरसारखी दिसते. कार्ड ३ मध्ये कण बारीक केले आणि लालसर जांभळं द्रव्य थोडं वाढवलं. सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ६ ला, बाहेर उत्तरेकडे तोंड करून, डिकीच्या कडेला लावून पाहिलं. तिन्ही वेळा बसलं. ट्यूबलाइटखाली मात्र कार्ड १ सगळ्यात जवळचं वाटतं. रंग दुकानात बसून पसंत का करू नये, ते इथे दिसतं.

काळा चौकोन कार्ड ३ वर चौथ्या हाताला झाकला, पांढरा पाचव्याला. म्हणून खाली मध्यम-गडद राखाडी सीलर (रंगाखालचा शेवटचा थर). फिक्या प्रायमरवर हाच रंग मारला तर तीन हातांनंतर तो गुलाबी दिसतो आणि माणूस सूत्राला दोष देत बसतो.

ऑर्डर: बेस ५ लिटर (थिनरआधी), एकाच घाण्यातला. आल्यावर सगळे डबे एका बादलीत ओतून ढवळले आणि परत भरले. डब्याडब्यात फरक असतो. तो दारात नाही तर फेंडरवर उघडा पडतो.

२७ एप्रिल: इंजिनची खोली आणि दारांच्या चौकटी

आधी आतलं. बेस १:१, तीन हात, क्लिअर एकच, कारण कारखान्यात ही जागा गुळगुळीत नव्हतीच. अरुंद कोपऱ्यात गन जवळ जाते, रंग ओला बसतो, कण बुडतात आणि तो भाग काळपट होतो. दाब कमी करून, दोन पातळ हातांत.

एफजे५ दाराच्या आत पोपटी कुठेच राहू नये म्हणून खिडकीच्या फटीतूनही गन घातली.

४ मे: बाहेरचा रंग, आणि ढग

दारं, बॉनेट, फेंडर गाडीवरच बसवून रंग. धातूच्या कणांच्या रंगात सुटा फेंडर आडवा ठेवून मारला की कण वेगळे निजतात आणि बसवल्यावर तो दुसऱ्या गाडीचा वाटतो.

सीलर एक हात. बेस: १.३ मिमी नोझल, गनजवळ २७ पीएसआय, १८ सेंमी अंतर, ओळीवर ओळ ७० टक्के. हातांमध्ये १५ मिनिटं. पहिले दोन हात चांगले. तिसऱ्याला बॉनेटवर ढग उठले, तळहाताएवढे काळे-फिके पट्टे. कारण सरळ होतं: दुपारी बूथ २७ अंशांवर गेला आणि थिनर २१ अंशांचाच होता. रंग हवेतच सुकायला लागला, म्हणून हात नकळत जवळ गेला, काही ओळी ओल्या पडल्या आणि त्यांत कण बुडाले.

ढगांवर ओला हात द्यायचा नाही, वाढतात. २० मिनिटं थांबून, मंद थिनर घालून, ३० सेंमीवरून आणि १८ पीएसआयवर धुक्यासारखा उभा-आडवा हात संपूर्ण बॉनेट, फेंडर आणि दारांवर दिला. एका पॅनेलवर दिला की बाकीच्यांवरही द्यायचा. ढग गेले. अर्धा लिटर रंग जास्त गेला.

४ मे, संध्याकाळ: क्लिअर

कारखान्यात क्लिअर नव्हताच, एकेरी अ‍ॅक्रिलिक इनॅमल होता, भट्टीत भाजलेला. तोच आजच्या एकेरी युरेथेनमध्ये मारता येतो, पण कणांचा एकेरी रंग नंतर घासता येत नाही. घासलं की वरचे कण कापले जाऊन राखाडी डाग पडतात. म्हणून बेस-क्लिअर, पण क्लिअरचे दोनच हात. चार हात देऊन आरसा केला की गाडी कालच प्रदर्शनातून उचलल्यासारखी दिसते.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट (फुफ्फुसांना घातक रसायन) आहे. कोळशाचा साधा मास्क पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि पूर्ण अंगाचा सूट.

उजव्या क्वार्टरवर, चाकाच्या कमानीवर एक ओघळ, ४ सेंमी. ओला असताना बोट लावायचं नाही.

१२ मे: घासणं, पॉलिश

ओघळ रेझर ब्लेडने कातरला, १५०० च्या छोट्या ब्लॉकने सपाट केला. बाकी गाडीवर २००० फक्त धुळीच्या कणांपुरता. संत्र्याच्या सालीसारखा हलका पोत उंबऱ्याजवळ आणि मागच्या पॅनेलवर मुद्दाम ठेवला, मूळ कडेवरही तसाच आहे. कडांवर टेप लावूनच मशीन फिरवलं. तरी डिकीच्या डाव्या कोपऱ्यात क्लिअर ६० वरून ३५ मायक्रॉनवर आला, तिथे आता परत मशीन नाही.

१९ मे: खालची बाजू

कारखान्यात गाडीची खालची बाजू रंगवत नव्हते. प्रायमर आणि कडेने आलेला बॉडीच्या रंगाचा फवारा, इतकंच. तसंच केलं: प्रायमरच्या छटेचा मॅट थर, मग उंबऱ्याच्या बाजूने तिरप्या कोनात जांभळ्याचा फवारा, आत जाता जाता विरणारा. अंतर ४५ सेंमी, अर्धं ट्रिगर. सगळी खालची बाजू जांभळी, चकचकीत करून ठेवतात ते प्रदर्शनाला छान, पण हॅमट्रॅमॅकहून तशी एकही गाडी निघालेली नाही.

२६ मे: व्हिनाइल

मोल्डिंगच्या खुंट्या परत वेल्ड केल्या. हे प्रायमरच्या आधी व्हायला हवं होतं. आता चार ठिकाणी बेस टच-अप करावा लागला, सगळे व्हिनाइलखाली जातात म्हणून निभावलं. टपावर इपॉक्सी, बेस एक हात आणि क्लिअरही मारला, कारण पुढे पाणी आत आलंच तर निदान पत्र्यापर्यंत पोचू नये. गोंद मधल्या शिवणीपासून बाहेरच्या बाजूला, ३० सेंमीच्या पट्ट्यांत.

१ जून

डिकीच्या रबराखालची ३० सेंमी मूळ कड रंगवली नाही. रबर त्यावर परत बसवलं. फेंडरचा मधला बोल्टही मूळ वर्तुळावरच कसला.

बाकी: बॉडीच्या रंगाचे दोन्ही रेसिंग आरसे. कार्ड ३ चा उरलेला रंग ४०० मिली, काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, तारीख आणि थिनर न घातल्याची चिठ्ठी लावून.